पोलर अलाइनमेंट करूनही तारे लांबट येतात: नागपूरच्या अक्षांशावर करायची तपासणी

नागपुरात आणि आसपास हौसेने आकाशाची छायाचित्रे काढणाऱ्यांकडून पावसाळा संपून आकाश स्वच्छ झाले की एकच तक्रार वारंवार ऐकू येते. संच गच्चीवर किंवा गावाबाहेर नेऊन मांडला, ध्रुवतारा पोलर स्कोपमध्ये (दुर्बीण पेलणाऱ्या आणि फिरवणाऱ्या माउंटच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीत) नेमक्या जागी बसवला, सगळे स्क्रू आवळले, आणि तरीही ३० किंवा ६० सेकंदांच्या फ्रेममध्ये तारे गोल न येता तांदळाच्या दाण्यासारखे लांबट आले. मग पुन्हा पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणे), पुन्हा फ्रेम आणि पुन्हा तोच दोष. यात रात्रीचा चांगला भाग निघून जातो आणि मृग नक्षत्र पश्चिमेकडे कलते. या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा पोलर अलाइनमेंट नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. दोष कुठला हे ताऱ्याच्या लांबट आकाराची दिशाच सांगते, म्हणून कुठल्याही स्क्रूला हात लावण्याआधी ती दिशा वाचावी.

पुढची आकडेमोड एका नेहमीच्या छोट्या संचासाठी केली आहे: ७२ मिलिमीटर व्यासाची, ३६० मिलिमीटर फोकल लेंथची दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन २०६ ने गुणावा आणि फोकल लेंथने भागावे, म्हणजे एका पिक्सेलमध्ये आकाशाचा किती भाग मावतो ते आर्कसेकंदांत (अंशाच्या ३६०० व्या भागांत) मिळते. या संचात तो सुमारे २.१५ आर्कसेकंद येतो. आपला संच वेगळा असेल तर हा आकडा आधी काढून कागदावर लिहून ठेवावा, कारण पुढचा प्रत्येक निष्कर्ष त्याच्याशी ताडून पाहायचा आहे.

दिशा कशी ओळखावी

मृगाच्या पट्ट्याजवळ, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या लगत, दुर्बीण रोखावी. ट्रॅकिंग (माउंटने दुर्बीण ताऱ्यांमागोमाग फिरवणे) चालू ठेवून ६० सेकंदांची एक फ्रेम घ्यावी. नंतर कॅमेरा तसूभरही न फिरवता ट्रॅकिंग बंद करावे आणि फक्त ५ सेकंदांची दुसरी फ्रेम घ्यावी. पृथ्वी सेकंदाला सुमारे १५ आर्कसेकंद फिरते, त्यामुळे या दुसऱ्या फ्रेममध्ये प्रत्येक ताऱ्याची ७५ आर्कसेकंदांची, म्हणजे आपल्या संचात साधारण ३५ पिक्सेलची, स्वच्छ सरळ रेघ उमटते. ही रेघ म्हणजे आपल्या फ्रेममधली पूर्व-पश्चिम दिशा. आता पहिल्या फ्रेममधले तारे पूर्ण मोठे करून या रेघेशी ताडून पाहावेत.

तारे रेघेला समांतर लांबले असतील तर दोष आरए अक्षाच्या, म्हणजे ताऱ्यांमागे पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या अक्षाच्या, फिरण्यात आहे: गिअर, बॅलन्स, क्लच, लोंबणारी केबल किंवा चुकीचा ट्रॅकिंग वेग. तारे रेघेला काटकोनात, म्हणजे उत्तर-दक्षिण, लांबले असतील तर संशय प्रथम पोलर अलाइनमेंटवर आणि त्याखालोखाल सरकणाऱ्या तिवईवर घ्यावा. फ्रेमच्या मध्यावर तारे गोल आणि फक्त कोपऱ्यांत लांबट असतील तर माउंटला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे फील्ड फ्लॅटनरचे (कडेपर्यंत प्रतिमा सपाट करणाऱ्या भिंगाचे) कॅमेऱ्यापासूनचे अंतर किंवा सेन्सरचा तिरपेपणा पाहावा लागतो. एखाद्याच फ्रेममध्ये सगळ्या ताऱ्यांना सारखेच वेडेवाकडे शेपूट आले असेल, तर वारा लागला, कोणी जवळून चालले किंवा तिवईला पाय लागला. अशी फ्रेम बाजूला काढून पुढे जावे.

ही चाचणी पाच मिनिटांत होते, तरीही ती क्वचितच केली जाते. पोलर अलाइनमेंट डोळ्यांना दिसते, त्यात काहीतरी केल्याचे समाधान मिळते, आणि म्हणून सगळा राग तिच्यावर निघतो.

पूर्व-पश्चिम लांबट तारे

छोट्या ट्रॅकरमध्ये, म्हणजे हलक्या ट्रॅकिंग माउंटमध्ये, हाच प्रकार सर्वाधिक आढळतो, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. ट्रॅकरच्या आत वर्म गिअर असतो: स्क्रूसारखा दांडा (वर्म) आणि तो फिरवतो ते दातेरी चाक. त्याच्या चाकाला १४४ दाते असतील तर वर्मचा एक फेरा २३ तास ५६ मिनिटांच्या नाक्षत्र दिवसाला १४४ ने भागून येणाऱ्या वेळात, म्हणजे सुमारे ५९८ सेकंदांत, पुरा होतो. वर्म घडवताना राहिलेली सूक्ष्म असमानता या प्रत्येक फेऱ्यात दुर्बिणीला कधी थोडे पुढे, कधी थोडे मागे ढकलते. हीच आवर्ती चूक, जिला सगळे पिरिऑडिक एरर म्हणतात. समजा, ती सरासरीच्या दोन्ही बाजूंना २५ आर्कसेकंद आहे. हलक्या ट्रॅकरसाठी हा आकडा काही विशेष वाईट नव्हे. अशा चुकीचा कमाल वेग मिनिटाला सुमारे १६ आर्कसेकंद भरतो. ३० सेकंदांच्या फ्रेममध्ये तारा जवळजवळ ८ आर्कसेकंद, म्हणजे पावणेचार पिक्सेल लांबतो आणि ६० सेकंदांत सात पिक्सेलपेक्षा अधिक.

आता याची तुलना पोलर अलाइनमेंटशी करावी. अक्ष खऱ्या ध्रुवापासून पुरा १० आर्कमिनिट (एक आर्कमिनिट म्हणजे ६० आर्कसेकंद) चुकला असला, तरी त्यामुळे ताऱ्याचे उत्तर-दक्षिण सरकणे जास्तीत जास्त मिनिटाला २.६ आर्कसेकंद होते. ३० सेकंदांत ते सव्वा आर्कसेकंदाच्या आसपास, म्हणजे एका पिक्सेलपेक्षाही कमी. गायडिंग (छोट्या गाइड स्कोपमधून एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक आपोआप सुधारणे) नसलेल्या ट्रॅकरवर ३० सेकंदांच्या फ्रेममध्ये तीन-चार पिक्सेल लांबलेले तारे दिसत असतील आणि आपण ध्रुवतारा पोलर स्कोपच्या वर्तुळावर आणखी केसभर सरकवत बसलो असू, तर आपण चुकीच्या ठिकाणी मेहनत करत आहोत.

आवर्ती चुकीची खूण ओळखायला सोपी आहे. ३० सेकंदांच्या फ्रेम सलग दहा-बारा मिनिटे घ्याव्यात आणि क्रमाने पाहाव्यात. काही फ्रेममध्ये तारे चक्क गोल निघतात, मग हळूहळू लांबत जातात, पुन्हा गोल होतात आणि पुन्हा लांबतात. एका फेऱ्यात असे गोल तारे साधारण पाच-पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा येतात, कारण चूक ज्या क्षणी आपली दिशा बदलते त्या क्षणी तिचा वेग शून्याजवळ असतो. ही लय दिसली की निदान झाले. त्यावर उपाय दोन: गायडिंग जोडणे, किंवा एक्स्पोजर कमी करून लांबट फ्रेम निवडून टाकून देणे.

दुसऱ्या उपायाकडे बरेच जण कमीपणाने पाहतात, ते मला योग्य वाटत नाही. नागपूर शहरातल्या गच्चीवरून आकाश इतके उजळ असते की थोड्याच वेळात त्या उजेडाचा गोंगाट कॅमेऱ्याच्या स्वतःच्या रीड नॉइजपेक्षा (फ्रेम वाचताना कॅमेरा घालतो त्या गोंगाटापेक्षा) कितीतरी पुढे जातो. त्यानंतर एकेक फ्रेम लांबवून फायदा जवळजवळ काहीच होत नाही. एकूण जमवलेला वेळ तेवढा महत्त्वाचा. शहरातून एका तासाच्या १२० छोट्या फ्रेम घेऊन त्यातल्या चाळीस टाकल्या, तरी उरलेल्या ऐंशी फ्रेममधून मृगातल्या तेजोमेघाचे चांगले चित्र तयार होते. अंधाऱ्या जागी मात्र हा हिशेब बदलतो आणि तिथे लांब एक्स्पोजरला खरोखर किंमत असते.

लय न दिसता प्रत्येक फ्रेममध्ये तारे सारखेच आणि एकाच दिशेला लांबत असतील, तर आधी ट्रॅकिंगचा वेग तपासावा. आदल्या दिवशी चंद्र टिपला असेल आणि वेग चंद्राचाच राहिला असेल, तर तारे मिनिटाला सुमारे ३३ आर्कसेकंद सरकतात आणि असली रेघ लपत नाही. वेग सूर्याचा राहिला असेल तर सरकणे मिनिटाला अडीच आर्कसेकंद एवढेच असते. ते सहज नजरेतून सुटते आणि पोलर अलाइनमेंटच्या माथी मारले जाते. उत्तर-दक्षिण गोलार्धाचे बटणही पाहून घ्यावे.

बॅलन्सबाबत एवढे लक्षात ठेवावे की वर्म गिअरच्या माउंटवर पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवल्यास दाते सतत एकाच बाजूने टेकलेले राहतात. अगदी तोलून बॅलन्स केला की दात्यांमधल्या फटीत दुर्बीण डुलते. बॅलन्स करताना कॅमेरा, ड्यू हीटर (भिंगावर दव बसू न देणारा तापक), सगळ्या केबल्स जोडलेल्याच हव्यात. कॅमेऱ्याची केबल थेट जमिनीपर्यंत लोंबू न देता आधी माउंटच्या डोक्याशी बांधून घ्यावी.

उत्तर-दक्षिण लांबट तारे

चाचणीत दिशा उत्तर-दक्षिण निघाली तर मात्र पोलर अलाइनमेंटकडे वळावे, आणि इथे नागपूरचा अक्षांश आड येतो. शहर साधारण २१ अंश ९ कला उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे ध्रुवताराही क्षितिजापासून २१ अंशांच्या आसपासच राहतो. शहरातून उत्तरेकडे पाहिले की त्याच दिशेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रे, तिकडचा उजेड आणि थंडीत खाली साचून राहणारे धुरकट धुके. डोळ्यांना दुसऱ्या प्रतीचा तारा सहज दिसायला हवा, पण तो त्या थरात हरवतो.

गच्चीवर तर साधी पाण्याची टाकीही पुरेशी ठरते. दुर्बिणीच्या उंचीपेक्षा दीड मीटर वर गेलेली टाकी किंवा जिन्याची खोली उत्तरेला चार मीटरच्या आत असेल, तर ध्रुवतारा तिच्यामागे जातो. संच मांडण्याची जागा दिवसाउजेडी ठरवावी.

अशा अवस्थेत दिसेल तो तारा ध्रुवतारा मानून पुढे जाण्याचा मोह होतो. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळनंतर ध्रुवमत्स्यातला कोचाब हा जवळजवळ तितकाच तेजस्वी तारा ध्रुवाच्या वरच्या बाजूला, धुरकट थराच्या बाहेर स्पष्ट चमकत असतो आणि तोच पकडला जातो. त्याचा रंग नारिंगी आहे, हे ओळखायला पुरे. उन्हाळ्यात सप्तर्षींमधल्या पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेषा पुढे वाढवावी, आणि थंडीच्या सुरुवातीला, सप्तर्षी क्षितिजाखाली असताना, शर्मिष्ठेवरून दिशा घ्यावी.

होकायंत्राबाबत एक गैरसमज आहे. नागपूरला चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांतला फरक एका अंशापेक्षा कमी आहे, त्यामुळे प्राथमिक मांडणीला होकायंत्र पुरेसे असायला हवे. पण गच्चीच्या स्लॅबमधल्या लोखंडी सळ्या, तिवईचे लोखंडी भाग आणि शेजारी ठेवलेली बॅटरी सुईला कितीतरी अंश फिरवतात. होकायंत्र स्लॅबपासून वर, छातीच्या उंचीवर धरून आणि तिवईपासून दोन-तीन पावले दूर उभे राहून दिशा घ्यावी.

पोलर स्कोपवर हाताने तारीख-वेळ जुळवणाऱ्यांना आणखी एक शंका नेहमी असते: भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, नागपूर ७९.१ अंशांच्या जवळ, मग या साडेतेरा मिनिटांच्या फरकाने किती बिघडते? ध्रुवतारा सध्या खऱ्या ध्रुवापासून सुमारे ३८ आर्कमिनिट दूर आहे, आणि त्या वर्तुळावर ३.४ अंशांची चूक म्हणजे फक्त सव्वादोन आर्कमिनिट. दुरुस्ती जरूर करावी, पण लांबट ताऱ्यांचे कारण म्हणून तिच्याकडे बोट दाखवू नये. याउलट ध्रुवताऱ्यालाच ध्रुव समजून तो मध्यभागी ठेवला, तर चूक थेट ३८ आर्कमिनिटांची होते आणि तारे मिनिटाला दहा आर्कसेकंदांच्या घरात सरकतात.

२१ अंशांवर माउंटचा ध्रुवीय अक्ष जवळजवळ आडवा झोपलेला असतो, त्यामुळे संचाचे वजन तिवईच्या मध्यापासून उत्तरेला झुकते आणि उंची जुळवणाऱ्या स्क्रूवर सगळा भार येतो. रिकाम्या माउंटवर नेटके केलेले अलाइनमेंट दुर्बीण आणि कॅमेरा चढवताच खाली बसते. म्हणून अलाइनमेंट पूर्ण भार चढवूनच करावे, शेवटची हालचाल नेहमी खालून वर, म्हणजे वजनाविरुद्ध करावी, आणि लॉक आवळल्यावर पोलर स्कोपमध्ये पुन्हा एकदा पाहावे, कारण आवळतानाच अक्ष दोन-चार आर्कमिनिट सरकलेला अनेकदा दिसतो.

ध्रुवतारा दिसतच नसेल तर दोन मार्ग आहेत. संगणक किंवा नियंत्रक जोडलेला असेल तर आकाशाच्या दुसऱ्या भागातल्या तीन फ्रेममधले तारे ओळखून अक्षाची चूक सांगणारी सोय वापरावी. नीना या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती आहे. नसेल तर जुनी ड्रिफ्ट पद्धत आजही तितकीच भरवशाची आहे. दक्षिणेला, डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर आणि खगोलीय विषुववृत्ताजवळ असलेला तारा पाहावा: तो दक्षिणेकडे सरकत असेल तर अक्ष पूर्वेला जास्त वळला आहे, उत्तरेकडे सरकत असेल तर पश्चिमेला. मग पूर्व क्षितिजाच्या वर असलेला तारा घ्यावा: तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर.

अलाइनमेंट मुळात किती चुकले होते हे नंतर घरी बसूनही काढता येते. तासाभराच्या सत्रातली पहिली आणि शेवटची फ्रेम एकमेकांवर ठेवून तारे उत्तर-दक्षिण किती सरकले ते पिक्सेलमध्ये मोजावे आणि त्याचे आर्कसेकंद करावेत. दर तासाला १५.७ आर्कसेकंद सरकणे म्हणजे किमान एक आर्कमिनिटाची चूक. ७३ पिक्सेल सरकले असतील तर आपल्या संचात ते १५७ आर्कसेकंद होतात, म्हणजे अक्ष निदान १० आर्कमिनिट चुकला होता.

हेच मोजमाप तिवईचा दोषही उघड करते. सरकणे तासभर एकसारखे असेल तर कारण अलाइनमेंट. सुरुवातीच्या फ्रेम ठीक आणि पुढे सरकणे वाढत गेले असेल तर तिवई बसते आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीत हे हमखास होते. वरून कोरडी दिसणारी जमीन पावसाळ्यानंतरही आतून ओल धरून असते आणि तिवईचे टोकदार पाय रात्रभर हळूहळू आत जातात. शेताच्या बांधावर संच लावण्यापेक्षा मुरुमाची कडक जागा शोधावी, आणि ती नसेल तर प्रत्येक पायाखाली सपाट दगड किंवा जाड फळी ठेवून, तिच्यावर स्वतः उभे राहून ती आधी दाबून घ्यावी. पाय पूर्ण लांब न काढता बुटके ठेवावेत.

आकार गोलच, पण तारे फुगलेले

हा दोष वेगळा असूनही वरच्या दोषांत मिसळतो. थंडीत संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत तापमान सहज दहा अंशांनी उतरते. ॲल्युमिनियमची ३६० मिलिमीटरची नळी तेवढ्याने सुमारे ८३ मायक्रॉन आखडते, तर एफ/५ च्या दुर्बिणीत फोकस अचूक राहण्याची मुभा जेमतेम ६७ मायक्रॉनची असते. भिंगांवरचा परिणाम यात धरलेला नाही. थोडक्यात, आठ वाजता बाहतिनोव्ह मास्क (फोकस साधण्यासाठी दुर्बिणीपुढे लावायची चिरांची जाळी) लावून केलेला फोकस अकरा वाजता उरलेला नसतो, म्हणून तासातासाने तो पुन्हा पाहावा. दुर्बीण घरातून काढून लगेच कामाला न लावता अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवावी. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्या हवेतून फोकस कितीही साधला तरी तारे उकळल्यासारखेच दिसतात. त्या दिवसांत गच्चीपेक्षा मोकळे मैदान बरे.

तलावाकाठी दव हा मोठा शत्रू आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाल्यापासून नागपूरकरांचा तिकडचा ओढा वाढला आहे, आणि ते योग्यच आहे. तिथे उत्तर क्षितिज शहरापेक्षा कितीतरी स्वच्छ मिळते आणि ध्रुवताऱ्यासाठी धडपडावे लागत नाही. पण पाणी आणि जंगल जवळ असल्याने हिवाळ्यात भिंगावर दव लवकर बसते, आणि ताऱ्याभोवती हळूहळू वाढणारे धूसर वलय फोकसची चूक समजले जाते. भिंगावर टॉर्च मारून पाहणे हा एकमेव खात्रीचा उपाय. ड्यू हीटर दव बसण्याआधीच चालू करावा आणि त्याला बॅटरी वेगळी द्यावी.

गायडिंगचा आलेख सरळ, तरीही तारे लांबट

गायडिंग जोडल्यावर काहींना हा अनुभव येतो आणि तो फार गोंधळात टाकतो. अशा वेळी गायडिंग बहुधा आपले काम नीट करत असते. गाइड स्कोप आणि मुख्य दुर्बीण एकमेकांच्या सापेक्ष वाकत असतात. गाइड स्कोपची रिंग, कॅमेऱ्याचा अडॅप्टर, फोकसरचा लॉक हे सगळे हाताने हलवून पाहावे, आणि प्लास्टिकच्या टोकाचे तीन स्क्रू असतील त्या जागी पूर्ण वेढणारी क्लॅम्प-रिंग लावावी. तारे एका बिंदूभोवती गोल कमानीत फिरलेले दिसत असतील तर मात्र ते क्षेत्रभ्रमण आहे. ते खराब पोलर अलाइनमेंटमुळे होते आणि गायडिंग ते लपवू शकत नाही. पीएचडी-२ या गायडिंगच्या सॉफ्टवेअरमधली गायडिंग असिस्टंट ही सोय अलाइनमेंटची चूक आणि गिअरमधली ढील दोन्ही मोजून देते. ती सत्राच्या सुरुवातीला एकदा चालवावी.

एवढे करूनही दोष राहिला आणि एखाद्या अनुभवी मित्राचा सल्ला घ्यायचा असेल, तर त्याला प्रक्रिया केलेले अंतिम चित्र पाठवू नये. ट्रॅकिंग चालू असतानाची एक कच्ची फ्रेम, ट्रॅकिंग बंद करून घेतलेली पाच सेकंदांची फ्रेम, तासाभराच्या अंतराच्या दोन फ्रेम, फोकल लेंथ, पिक्सेलचा आकार, एक्स्पोजर आणि तिवई कशावर उभी होती ही माहिती पाठवावी. यातून निदान बहुतेक वेळा त्याच रात्री होते.